लोहियावादी म्हणजे नेमके कोण?

दिल्लीतील केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 'आरएमएल' ही तीन अक्षरे परिचित असतात ती रुग्णालयाचे नाव म्हणून. बाबा खडकसिंग मार्गावरील या रुग्णालयाचे मूळ नाव विलिंग्डन. १२ ऑक्टोबर १९६७ रोजी, शस्त्रक्रियेनंतर प्रकृती खालावत जाऊन, डॉ. राममनोहर लोहिया यांचे निधन याच ठिकाणी झाले आणि पुढे रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. वयाची साठीही न गाठलेल्या या नेत्याचे नाव त्यानंतर रुग्णालयाला, विद्यापीठांना, उद्यानाला, ग्रामविकासाच्या योजनेला आणि पक्षाच्या युवक आघाडीला मिळाले. परंतु या सर्वांपेक्षा अधिक वापरात राहिले ते त्या आडनावापासून बनलेले विशेषण. 'लोहियावादी' हा शब्द उत्तर भारताच्या राजकारणात गेली साठ वर्षे चलनात आहे. तो कोणाला लावावा आणि कोणाला लावू नये, याचा निवाडा मात्र अद्याप झालेला नाही.

विचारवंताच्या आडनावाला 'वाद' हा प्रत्यय लागला की त्याचे काय होते, याचा समाजवादी चळवळीचा अनुभव जुना आहे. 'मार्क्सवादी' हा शब्द प्रथम रूढ केला तो मार्क्सच्या अनुयायांनी नव्हे, तर पहिल्या आंतरराष्ट्रीय संघटनेतील बाकुनिनच्या गोटाने, आणि तोही हिणवण्यासाठी. पुढे फ्रान्समधील काही मंडळी स्वतःला अभिमानाने मार्क्सवादी म्हणवू लागली, तेव्हा आपण मात्र मार्क्सवादी नाही, असे खुद्द मार्क्सने बजावल्याचे एंगल्सने नोंदवून ठेवले आहे. ट्रॉट्स्कीचे आडनाव विरोधकांनी शिवीसारखे वापरले. कौट्स्कीच्या वाट्याला तर लेनिनच्या १९१८ च्या पुस्तिकेनंतर कम्युनिस्ट परिभाषेत केवळ 'गद्दार' एवढाच अर्थ उरला. आपल्याकडे गांधीजींनी १९३६ साली 'गांधीवाद नावाची काही वस्तू नाही' अशा आशयाचे निःसंदिग्ध निवेदन केले, तरी गांधीवाद थांबला नाही. मराठीत 'वाद' या एकाच शब्दाला तत्त्वप्रणाली आणि भांडण असे दोन्ही अर्थ आहेत, ही भाषेची शहाणीव म्हणायला हवी.

लोहियांच्या बाबतीत हा विरोधाभास अधिकच टोकदार आहे. 'मार्क्स, गांधी अँड सोशॅलिझम' या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी मार्क्सवादी असणे अथवा मार्क्सविरोधी असणे, गांधीवादी असणे अथवा गांधीविरोधी असणे, हे सर्व सारखेच अविचाराचे ठरवले आहे. दोघांकडूनही पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पण शिकण्यासाठी कोणाच्याही नावाचा टिळा लावण्याची गरज नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. ज्याने आडनावांच्या वादांची अशी वासलात लावली, त्याच्याच आडनावाचा वाद व्हावा, यात नियतीचा काही खोडसाळपणा असावा.

हा शब्द कसा घडला, हे पाहण्यासाठी १९५० च्या दशकात जावे लागते. १९३४ साली काँग्रेसअंतर्गत समाजवादी पक्ष स्थापन झाला, त्याची जुळवाजुळव नाशिकच्या तुरुंगात झाली होती. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही सारी त्या काळातील नावे. लोहिया नुकतेच बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतलेले. त्या काळी ते 'समाजवादी' एवढेच होते, 'लोहियावादी' कोणी नव्हते. १९४२ च्या भूमिगत लढ्यात आणि नंतर लाहोरच्या किल्ल्यातील छळात त्यांचे नाव झाले. १८ जून १९४६ रोजी मडगावात पोर्तुगीज सत्तेची बंदी मोडून त्यांनी भाषणाला सुरुवात केली, आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याला नवे वळण मिळाले. पणजीतील अठरा जून रस्ता आजही त्या दिवसाची आठवण वागवतो.

विचारांची वेगळी चूल मांडली गेली ती मे १९५२ मध्ये, पचमढीच्या अधिवेशनात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सपाटून मार खाल्लेल्या पक्षासमोर अध्यक्ष म्हणून बोलताना लोहियांनी भांडवलशाही आणि साम्यवाद या दोन्ही व्यवस्था आशिया-आफ्रिकेतील देशांना सारख्याच गैरलागू आहेत, असे प्रतिपादन केले. दोहोंचे तंत्रज्ञान तेच, दोहोंचा केंद्रीकरणाचा हव्यास तोच. भांडणे आहेत ती मालकीपुरती. माणसे भरपूर आणि भांडवल तुटपुंजे असलेल्या देशाने छोट्या यंत्रांचा आणि विकेंद्रित सत्तेचा मार्ग धरावा, गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर राज्य उभे राहावे, ही 'चौखंबा' कल्पना येथूनच पुढे आली. पुढील वर्षी बैतूलमध्ये अशोक मेहतांनी मागास अर्थव्यवस्थेच्या राजकीय अपरिहार्यतेचा सिद्धान्त मांडून नेहरूंच्या काँग्रेसशी सहकार्याचे दार किलकिले केले, तेव्हा प्रजासमाजवादी पक्षात दोन प्रवाह स्पष्ट दिसू लागले.

फूट पडली ती मात्र सिद्धान्तावरून नव्हे, गोळीबारावरून. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिल्लै यांचे प्रजासमाजवादी मंत्रिमंडळ होते. तेथील तमिळभाषक भागातील आंदोलनावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस असलेल्या लोहियांनी आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. स्वतंत्र भारतात समाजवाद्यांचे सरकार निःशस्त्र लोकांवर गोळी चालवत असेल, तर त्याला सत्तेवर राहण्याचा अधिकार नाही, ही त्यांची भूमिका. बहुसंख्य नेत्यांना ती अव्यवहारी वाटली. पुढील वादळात मुंबईतील तरुण कार्यकर्ते मधू लिमये यांच्यावर पक्षाने कारवाई केली, आणि १९५५ च्या अखेरीस हैदराबादेत लोहियांचा स्वतंत्र समाजवादी पक्ष जन्माला आला. 'लोहिया गट', 'लोहियावादी' हे शब्दप्रयोग खऱ्या अर्थाने येथून रुळले. म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ जातीशी किंवा आरक्षणाशी संबंधित नव्हता. आपल्या सरकारलाही जाब विचारणारा, असा तो होता. नंतरच्या काळात लोहियांचे नाव घेऊन मुख्यमंत्री झालेल्यांची संख्या लक्षात घेता, हा अर्थ सर्वांत आधी पुसला जावा, यात आश्चर्य नाही.

महाराष्ट्रात हा भेद फार जिव्हाळ्याने आणि तितक्याच कडवटपणे जगला गेला. ना. ग. गोरे, नाथ पै, मधू दंडवते ही मंडळी प्रजासमाजवादी राहिली. एस. एम. जोशी यांनी १९६४ नंतर संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्षपद स्वीकारले. एकाच राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलेले, एकमेकांच्या घरी जेवणारे लोक निवडणुकीत परस्परांविरुद्ध उभे राहत. लोहियांचे मराठीतील विस्तृत चरित्र लिहिणाऱ्या इंदुमती केळकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा विचार येथे रुजवण्याची शिकस्त केली. तथापि लोहियावाद महाराष्ट्रात मतपेटीपर्यंत फारसा पोहोचला नाही. पोहोचला तो बिहारात, आणि गंमत अशी की तेथे त्याचा एक प्रमुख प्रतिनिधी पुण्याचा होता. मधू लिमये १९६४ च्या पोटनिवडणुकीत मुंगेरमधून लोकसभेवर गेले. पुढे पुन्हा मुंगेर, मग बांका. मुंबईत स. का. पाटलांना पाडणारे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगातून मुझफ्फरपूर जिंकतात, हेही त्याच परंपरेतले. भाषा, प्रांत आणि जात यांच्यापलीकडे उमेदवार स्वीकारला जावा, ही त्या राजकारणाची एकेकाळची मिळकत होती. आज जातीचा हिशेब मांडल्याशिवाय तेथे कोणताही पक्ष उमेदवारी देत नाही.

लोहिया स्वतः लोकसभेत पोहोचले ते १९६३ च्या फर्रुखाबाद पोटनिवडणुकीनंतर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. त्याच ऑगस्टमध्ये नेहरू सरकारविरुद्धच्या पहिल्या अविश्वास ठरावाच्या निमित्ताने 'तीन आणे विरुद्ध पंधरा आणे' हा वाद झडला. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, हा त्यांचा दावा; सरकारी बाजूचा आकडा पंधरा आण्यांचा. आकडेवारीच्या तपशिलाविषयी अर्थतज्ज्ञांचे मतभेद असू शकतील. परंतु सरासरीच्या आड गरिबी कशी लपते, हे संसदेत इतक्या सोप्या भाषेत तोवर कोणी मांडले नव्हते, आणि नियोजनाच्या कागदांत रमलेल्या सचिवालयाला त्याची दखल घ्यावी लागली.

यानंतरची चार वर्षे बिगरकाँग्रेसवादाची. विरोधी मते फुटतात म्हणून काँग्रेस अल्पमतावर राज्य करते. तेव्हा विचारभेद बाजूला ठेवून एकास एक लढत द्या, हे सूत्र. एप्रिल १९६४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय यांच्यासह त्यांनी भारत-पाक महासंघाच्या कल्पनेचे संयुक्त निवेदन काढले. जनसंघाशी अशी जवळीक पक्षातील अनेकांना रुचली नव्हती. १९६७ साली अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली आणि सूत्र यशस्वी ठरले; पण लोहियांच्या दृष्टीने ते साधन होते. सत्तेवर येताच अलाभकारी जमिनीवरील शेतसारा रद्द होतो की नाही, इंग्रजीची सक्ती उठते की नाही, यावर नव्या सरकारांची परीक्षा व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. वर्षभरातच ते गेले. साधन तेवढे वारसांच्या हाती राहिले आणि कोणाही विरुद्ध, कोणाही बरोबर वापरता येऊ लागले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत समाजवादी पक्ष काँग्रेसच्या आघाडीत होता आणि संयुक्त जनता दल भाजपच्या. दोघेही लोहियांचे वारस म्हणवतात.

या शब्दाच्या अर्थाला सर्वांत मोठी कलाटणी दिली ती दुसऱ्या एका आडनावाने, आणि ही कहाणी दिल्लीच्या राजकीय वर्तुळात सहसा सांगितली जात नाही. बिंदेश्वरी प्रसाद मंडल १९६७ साली संयुक्त समाजवादी पक्षाच्या तिकिटावर मधेपुऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. बिहारात संयुक्त विधायक दलाचे सरकार येताच ते, विधिमंडळाचे सदस्य नसताना, तेथे मंत्री झाले. लोकांनी ज्या सभागृहात पाठवले तेथेच बसावे, असे लोहियांचे मत होते आणि त्यांनी ते लपवले नाही. मंडल पक्षाबाहेर पडले, त्यांनी शोषित दल काढला, सरकार कोसळले, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्यावर ते अल्पकाळ मुख्यमंत्री झाले. म्हणजे बिगरकाँग्रेसवादाचे बिहारातील पहिले सरकार पाडण्यात त्यांचाच पुढाकार. याच मंडल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८० साली अहवाल दिला, ७ ऑगस्ट १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंह यांनी त्याच्या अंमलबजावणीची घोषणा केली, आणि 'मंडल' हे आडनाव स्वतःच एक राजकीय संज्ञा बनले. तेव्हापासून 'लोहियावादी' आणि 'मंडलवादी' हे शब्द वृत्तपत्रांत जवळजवळ पर्यायी म्हणून छापले जातात.

ते पर्यायी नाहीत. मंडल आयोगाची शिफारस इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्क्यांची होती. लोहियांची मागणी शंभरात साठाची होती, आणि त्या साठात शूद्र, दलित, आदिवासी, अल्पसंख्याकांतील मागास यांच्याबरोबर सर्व जातींच्या स्त्रिया होत्या. ब्राह्मण घरातील स्त्रीसुद्धा त्यांच्या लेखी पिछाडलेली होती, कारण जात आणि लिंगभेद या एकाच तुरुंगाच्या दोन भिंती आहेत, असे ते मानत. त्यांच्या 'सप्तक्रांती'च्या यादीत स्त्री-पुरुष समता हा विषय प्राधान्याने येतो. शिवाय आरक्षण हा त्यांच्या मते जात मोडण्याचा मार्ग होता, जात सांभाळण्याचा नव्हे. सरकारी सेवेसाठी आंतरजातीय विवाह ही पात्रता मानावी आणि सहभोजनाला नकार ही अपात्रता, अशीही त्यांची एक सूचना होती. ती कधी अमलात आली असती तर केंद्रीय सेवांच्या किती तुकड्या रिकाम्या राहिल्या असत्या, याचा अंदाज जाणत्यांनी बांधावा. संख्येने मोठ्या असलेल्या एकदोन मागास जातीच सारे लाभ पटकावतील आणि खालच्या शेकडो लहान जाती तशाच राहतील, हा धोकाही त्यांनी पन्नासच्या दशकातच ओळखला होता.

लोहियांचे म्हणणे कायद्याच्या भाषेत उतरवण्याच्या सर्वांत जवळ कोणी आले असेल, तर कर्पूरी ठाकूर. नोव्हेंबर १९७८ मध्ये बिहारचे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी जे २६ टक्के आरक्षण लागू केले, त्यात अतिमागासांना १२, मागासांना ८, स्त्रियांना ३ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना ३ टक्के अशी विभागणी होती. अतिमागासांना मागासांहून अधिक वाटा, आणि स्त्रियांचा स्वतंत्र रकाना. या धोरणाची किंमत म्हणून काही महिन्यांत त्यांचे पद गेले. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा अभिनंदनासाठी सर्व पक्षांची रांग लागली. त्यांच्या सूत्रातील बारकावे मात्र त्या गर्दीत कोणी उच्चारले नाहीत.

आंबेडकरांशी लोहियांचा संबंध हे या कथेतील अपुरे राहिलेले पान. १९५५-५६ मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला, एकत्र काम करण्याची बोलणी चालू झाली, आणि भेट ठरण्यापूर्वीच डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे मधू लिमये यांना लिहिलेल्या पत्रात लोहियांनी ही हळहळ व्यक्त केली आहे. ती भेट झाली असती तर उत्तर प्रदेशात समाजवादी आणि बहुजन समाज पक्षांमधील पुढील दशकांचे वैर टळले असते काय, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येत नाही. पण त्या वैराच्या काळात दोन्ही बाजूंच्या कार्यालयांत एकेक तसबीर होती आणि त्या तसबिरींतील माणसे एकमेकांशी बोलू इच्छित होती, एवढे नमूद करावे लागते.

मग आज लोहियावादी म्हणावे कोणाला? यासाठी लोहियांनीच एक मोजपट्टी देऊन ठेवली आहे. गांधींच्या अनुयायांचे त्यांनी तीन वर्ग केले होते: सत्तेत बसलेले 'सरकारी', आश्रमात बसलेले 'मठी' आणि दोन्ही पंक्तींतून उठवलेले 'कुजात'. स्वतःला ते कुजात गांधीवादी म्हणवत. हीच पट्टी त्यांच्या अनुयायांना लावली तर सरकारी लोहियावादी ओळखणे सर्वांत सोपे आहे. मुलायमसिंह यादव १९६७ साली संयुक्त समाजवादी पक्षाच्या तिकिटावर जसवंतनगरमधून प्रथम आमदार झाले, आणि १९९२ साली त्यांनी समाजवादी पक्ष स्थापन केला. शेतकऱ्याच्या मुलाला लखनौच्या सत्तेपर्यंत पोहोचवण्याचे सामर्थ्य या विचारात होते, हे त्यांच्या जीवनाने सिद्ध केले आणि ते श्रेय नाकारता येणार नाही. तथापि २३ मार्च हा भगतसिंगांचा हौतात्म्यदिन असल्यामुळे आपला वाढदिवस साजरा न करणाऱ्या नेत्याच्या या शिष्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस २०१४ साली रामपूरमध्ये बग्गीतील मिरवणुकीने आणि पंचाहत्तर फुटी केकने साजरा झाला. इंग्रजीची सक्ती हटवण्याच्या लोहियांच्या मागणीचे तर २००९ च्या जाहीरनाम्यात इंग्रजी आणि संगणक या दोहोंच्या विरोधात रूपांतर झाले. तीन वर्षांनी त्याच पक्षाने विद्यार्थ्यांना लॅपटॉपचे आश्वासन देऊन बहुमत मिळवले. छोट्या यंत्राचा पुरस्कर्ता यंत्रविरोधी नव्हता, हे त्या जाहीरनाम्याच्या कर्त्यांना कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. तुरुंग, फावडे आणि मत ही लोहियांची त्रिसूत्री होती. पैकी मत शिल्लक राहिले, फावडे योजनेच्या फलकावर गेले.

मठी लोहियावाद्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जयंती-पुण्यतिथीला मावळणकर सभागृहासारख्या ठिकाणी भेटणारी ही सज्जन मंडळी. समग्र वाङ्मयाचे खंड संपादित करणाऱ्या मस्तराम कपूर यांच्यासारख्यांनी मोलाचे काम केले, अन्यथा मूळ लोहिया वाचायलाही मिळाले नसते.

कुजात लोहियावादी शोधायचे तर पक्षांच्या कार्यालयांपासून दूर जावे लागते. १९६२ साली संबलपूरमधून तरुण वयात लोकसभेवर गेलेले किशन पटनायक पुढे सत्तेच्या समाजवादाला कायमचे पाठमोरे झाले, आणि २००४ साली निधन होईपर्यंत जागतिकीकरण, शेती आणि विस्थापन या प्रश्नांवर लिहीत राहिले. कर्नाटकात तर लोहिया राजकारणाइतकेच साहित्यात वाढले. शांतवेरी गोपाळ गौडांपासून यू. आर. अनंतमूर्ती आणि लंकेश यांच्यापर्यंत एक अख्खी पिढी त्यांच्या संस्कारात घडली. रामायणावर चित्रे काढण्याची प्रेरणा आपल्याला लोहियांकडून मिळाली, असे मकबूल फिदा हुसेन सांगत. या तिसऱ्या वर्गाने निवडणुका क्वचितच जिंकल्या.

येथे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांची आठवण होते. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वि. म. तारकुंडे ही 'रॉयवादी' म्हणून ओळखली जाणारी माणसे होती. रॉय यांनी १९४८ साली आपला पक्षच विसर्जित केला. परिणामी रॉयवाद सत्तेत कुठेच उरला नाही. पण त्या शब्दाचा अर्थही कोणी बदलू शकले नाही. लोहियांच्या नावाला पक्ष मिळाले, सरकारे मिळाली, आणि त्या प्रमाणात अर्थ पातळ होत गेला.

या अर्थाची परीक्षा येत्या काळात एका नेमक्या मुद्द्यावर होणार आहे. मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक आले, तेव्हा मागासवर्गीय स्त्रियांसाठी स्वतंत्र कोटा नाही म्हणून समाजवादी पक्ष आणि राष्ट्रीय जनता दल यांनी ते रोखण्याचा प्रयत्न केला. सप्टेंबर २०२३ मध्ये तशाच तरतुदीच्या विधेयकाच्या बाजूने लोकसभेत ४५४ मते पडली, विरोधात अवघी दोन. याही वेळी उपकोट्याची मागणी नोंदवून या पक्षांनी पाठिंबा दिला. त्या कायद्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना यांना जोडण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनगणनेत जातींची गणना करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि गणनेची मागणी करणाऱ्या सर्वांनी तो आपला विजय मानला. बिहारच्या २०२३ च्या सर्वेक्षणात अतिमागासांचे प्रमाण ३६ टक्क्यांहून अधिक आढळले होते. कर्पूरी ठाकूर यांनी वेगळा रकाना कोणासाठी ठेवला होता, ते त्या आकड्याने दाखवून दिले. देशाची गणना पूर्ण होईल, तेव्हा लहान जातींची संख्या आणि स्त्रियांची संख्या हे दोन्ही तक्ते एकाच वेळी पटलावर असतील. लोहियांच्या साठ टक्क्यांत हे दोन्ही तक्ते एकत्र होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या पक्षांच्या उमेदवार याद्यांत ते एकत्र येतात की नाही, हे पहिल्या यादीवरूनच कळेल.